ध्रुवकयुक्त संवेदक : जोडणी की शोध?

पाण्यावरील झगझगाट काही चष्म्यांतून पाहिल्यास ओसरतो. परावर्तित प्रकाशाची कंपने मुख्यतः एकाच दिशेत होतात. चष्म्यातील ध्रुवक ती अडवितो. परावर्तनातून होणारे हे ध्रुवण मालूस या फ्रेंच अभियंत्याने १८०८ मध्येच ओळखले होते. कॅमेऱ्यातील संवेदकही आता नवा राहिलेला नाही. मग सोनी कंपनीने संवेदकाच्या चिपवरच ध्रुवक घडविला, यात पेटंट देण्याजोगे काय?

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(एफ) सांगते की, ज्ञात साधनांची नुसती मांडणी, ज्यात प्रत्येक साधन आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करते, हा शोध नव्हे. मला हे कलम मोलाचे वाटते. पेटंट म्हणजे २० वर्षांची मक्तेदारी. आणि ज्ञानाभोवती कुंपण घातले की काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

परंतु येथे ॲल्युमिनियमच्या तारा प्रकाशाच्या तरंगलांबीहून कमी अंतरावर, सूक्ष्मभिंगांच्या खाली आहेत. शेजारच्या चार पिक्सेलांवर ०, ४५, ९० व १३५ अंशांत. ध्रुवक भिंगांच्या वर असता, तर तिरपा प्रकाश शेजारच्या पिक्सेलमध्ये अधिक शिरला असता. म्हणून दावा केवळ ‘संवेदक अधिक ध्रुवक’ असा असेल, तर तो फेटाळावा. विशिष्ट रचनेमुळे ही सरमिसळ घटते, असे दाखविले असेल तर विचार व्हावा. तोही ती रचना त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगी नसेल तरच.