गोष्ट आहे, पुस्तक कसं होणार?

मंडळी, आपल्या सातारा-सांगली भागात मुलांसाठी गोष्टी रचणाऱ्यांची वाण नाही. अंगणवाडीच्या ताई रचतात, प्राथमिक शाळेतले गुरुजी रचतात, नातवंडांना झोपवता झोपवता आज्या रचतात. काहींच्या तर वह्याच्या वह्या भरलेल्या असतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘अहो, याचं चित्रांचं पुस्तक काढा की!’ आणि तिथून पुढची वाट सापडत नाही. काही जण सरळ छापखाना गाठतात, पदरचे पैसे घालतात, आणि छापलेल्या प्रतींचे गठ्ठे माळ्यावर पडून राहतात. ही वेळ येऊ नये म्हणून काय करता येईल, ते आज पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे चित्रं असलेलं पुस्तक आणि चित्रपुस्तक यांत फरक आहे. गोष्टीच्या पुस्तकात चित्र मजकुराच्या सोबतीला येतं. ते काढून टाकलं तरी गोष्ट कळते. चित्रपुस्तकात मात्र अर्धी गोष्ट चित्रच सांगतं. समजा, मजकुरात एवढंच आहे की आजी म्हणाली, ‘काही झालं नाही, झोप आता.’ आणि चित्रात कृष्णेचं पाणी दाराच्या पायरीला लागलेलं आहे. ऑगस्ट २०१९चा महापूर पाहिलेल्या सांगलीच्या मुलाला आणखी काही सांगायची गरज उरत नाही. म्हणून लेखकाने काय लिहायचं यापेक्षा काय लिहायचं नाही, हे आधी शिकावं लागतं. झगा लाल होता, आकाश निळं होतं, ही वाक्यं चित्रकारासाठी सोडून द्यायची. लहानांच्या अशा पुस्तकाला चारपाचशे शब्द पुष्कळ होतात.

दुसरी गोष्ट पानांची. छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला जातो, त्यामुळे पानांची संख्या ८च्या किंवा १६च्या पटीत ठेवावी लागते. म्हणून चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. त्यांतली एकदोन पानं शीर्षक आणि प्रकाशनाच्या माहितीला जातात. उरलेल्या पानांत गोष्ट बसवायची. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे घरीच डमी करणं. कोरे कागद दुमडून मधोमध पिना मारा आणि प्रत्येक पानावर त्या पानाचाच मजकूर लिहा. चित्र येत नसेल तर नुसती चौकट आखा. पान उलटताना पुढे काय होईल असं मुलाला वाटतंय का, ते लगेच कळतं. जिथे वाटत नाही, तिथला मजकूर कापायचा.

मग ही डमी मुलांना वाचून दाखवा. घरच्या मुलांना नको, ती कौतुकच करतात. शेजारच्या बालवाडीत जा. मुलं कुठे चुळबुळ करतात आणि कुठे ‘परत वाचा’ म्हणतात, याची नोंद ठेवा. शिवाय आधी इतरांची पुस्तकं भरपूर वाचा. त्यासाठी फार लांब जायला नको. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये भिलार आहे. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे घराघरांत बसून पुस्तकं वाचता येतात, आणि त्यांत बालसाहित्यही आहे. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं तर मिळतील तिथून मिळवून वाचावीत. त्या स्वतः लिहितात आणि चित्रंही काढतात. घर, शेजार, शाळा असे रोजचेच विषय त्यांनी मुलांच्या नजरेने मांडले. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

‘पण मला चित्र काढता येत नाही,’ असं अनेकजण म्हणतात. यायलाच हवं असं नाही. प्रकाशकाला संहिता आवडली तर तो आपला चित्रकार निवडतो. आपण आधीच कुणाकडून पैसे देऊन चित्रं करून घेतली, तर तो खर्च वाया जाण्याची शक्यता जास्त. आता पाठवायचं कुणाला? मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या संस्थेचं नाव मुलांच्या पुस्तकांशी जोडलेलं आहे. दिल्लीचं नॅशनल बुक ट्रस्ट, चेन्नईचं तूलिका, बंगळूरचं प्रथम बुक्स हेही मराठीत पुस्तकं काढतात. प्रत्येकाची रीत निराळी असते. त्यांची आधीची पुस्तकं आणि सध्याचे नियम पाहूनच संहिता पाठवावी. १९७१ सालापासून निघणारं बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. गोष्ट मासिकात आली की आपलं लिखाण संपादकाच्या नजरेखालून जातं, हा मोठा फायदा.

उत्तराला महिने लागतात, आणि पुष्कळदा उत्तर ‘साभार परत’ असंच असतं. इंग्लंडच्या बिएट्रिक्स पॉटर यांची पीटर सशाची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली होती. १९०१ साली त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती काढल्या, आणि १९०२ साली प्रकाशकाने तेच पुस्तक रंगीत चित्रांसह बाजारात आणलं. पण पॉटर यांनी मोजक्याच प्रती काढल्या होत्या, हेही ध्यानात घ्या.

कुणी होकार दिला तर आनंदाच्या भरात सही करू नका. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे करारात असायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलं असेल तर भाषांतराचे, ध्वनिफितीचे, चित्रफितीचे हक्कही त्यात गेले, असं समजा. आणि जो प्रकाशक तुमच्याकडूनच पैसे मागतो, त्याला एकच प्रश्न विचारा: विकणार कुठे? उत्तर गुळमुळीत आलं तर तो छपाईचा धंदा आहे, प्रकाशनाचा नव्हे.

पैशाविना वाचक गाठायचे असतील तर प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून आहे. तिथे उपलब्ध चित्रं वापरून स्वतःची गोष्ट प्रसिद्ध करता येते. मात्र ती खुल्या परवान्याखाली जाते. तुमचं नाव देऊन कुणीही ती वापरू शकतो, भाषांतर करू शकतो, विकूही शकतो. हे मान्य असेल तरच द्यावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. आपल्या मुलांनी उसाच्या फडातलं, हळदीच्या पेठेतलं, माणदेशातल्या मेंढरांमागचं मूल पुस्तकात पाहावं, यासाठी. ‘पुस्तकात आपल्यासारखं कुणी नसतं’ असं ज्या मुलाला एकदा वाटलं, ते पुस्तकापासून दूर जातं. ते अंतर कमी करणारी गोष्ट कदाचित तुमच्याच वहीत असेल. तेव्हा आजच कागद दुमडा, पिना मारा आणि पहिल्या पानापासून तपासायला बसा.