चौकट : दार उघडं, पण कुठवर?

भोर किंवा वेल्ह्याच्या (तालुका आता राजगड) तहसील कचेरीत फेरफाराचा कागद पिशवीत घालून आलेल्या माणसाला सहसा कुणी अडवत नाही. दाराशी पोलीस नसला, तरी भिंतीवर ‘सरकारी कामात अडथळा’ आणल्यास काय होईल, याचा फलक बहुतेक कचेऱ्यांत दिसतो. पूर्वी त्यावर भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ असे. २०१८ साली महाराष्ट्राने त्याची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आलं आणि कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षं झाली. फलक मात्र सगळीकडे बदललेले नाहीत.

मंत्रालयाचं गणित वेगळं. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने जमिनीच्या मोबदल्यासाठी तिथे विष घेतलं. पुढच्याच महिन्यात एकाने वरून उडी मारली आणि मग मधल्या चौकात जाळी ताणली गेली. २०२५ पासून दारात चेहरा ओळखणारी यंत्रणा आहे, नोंदणी ‘डिजिप्रवेश’ ॲपवर. माणूस खाली पडू नये याची सोय झाली. त्याचा अर्ज कुठे अडकला, हे जाळीला कसं कळणार?

कागद पाहायचा हक्क माहिती अधिकार कायद्याने २००५ सालीच दिला आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ दप्तर पाहता येतं.