दिवडावर काठी उगारण्यापूर्वी

पहिल्या पावसाने खाजनातील खार धुऊन निघाला, की कोरगुटाच्या पेरणीची घाई उडते. त्याच सुमारास बांधाच्या कडेला व मानशीच्या तोंडाशी दिवड दिसू लागतो. आणि दिसला की काठी पडते. ही काठी आवरावी, असे आम्ही शेतकरी बंधुभगिनींस सुचवू इच्छितो.

दिवड, म्हणजेच विरोळा, हा पाण्यात व काठावर राहणारा बिनविषारी साप होय. लांबी साधारण दोन-तीन फूट. अंगावर पटासारखे काळे चौकडे. डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. मादी बहुधा ३० ते ७० अंडी घालते. बेडूक व मासे हे त्याचे मुख्य खाणे, क्वचित उंदीरही. मानशीतले चार मासे तो खाईल, हे खरे. पण पिकाला त्याचा काडीचाही उपद्रव नाही.

तो मरतो तो नागाच्या संशयाने. कोंडीत सापडला की मान चपटी करतो, अंग उचलतो आणि झडप घालून चावतो. रक्त येते, पण विष नसते. जखम साबणाने धुवावी व धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे. खाडीच्या चिखलात कुत्र्यासारख्या तोंडाचा दुसरा एक पाणसाप असतो. त्याचे विष सौम्य असून माणसास घातक नाही.

मात्र नाग व घोणसही उंदरांमागे शेतात येतात आणि अंधारात ओळख चुकते. साप नक्की ओळखला नसेल, तर चावा विषारीच समजावा. जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात. हातपाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. रोग्याला चालवू नये. मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी इस्पितळात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर तेथील प्रतिविषच उपाय. साप पकडून नेण्याची गरज नसते; त्या नादात दुसऱ्याला चावा बसतो.

रात्री बांधावर जाताना गमबूट व बॅटरी असावी. गवतात हात घालण्यापूर्वी काठी आपटावी. काठीचा उपयोग एवढाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही दिवडाला मारण्यास मनाई आहे. त्याला वाट द्यावी, तो आपणहून पाण्यात निघून जातो.