खडू उड्या का मारतो?

खडू तिरका धरून फळ्यावर पुढं ढकलत रेघ ओढा बरं! पुष्कळदा रेघेऐवजी टिंबंच उमटतात. खडू फळ्याला अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. हे इतकं भराभर होतं, की तो उड्याच मारतो!

आपल्या सातारा-सांगलीकडं हीच गंमत रानातही दिसते. उसाची भरलेली ट्रॉली रानातून बाहेर काढताना किंवा कडक जमीन नांगरताना ट्रॅक्टरची मागची चाकं कधी कधी थडथड उडतात. टायर जमीन पकडतो, स्प्रिंगसारखा पिळतो. पकड सुटली, की पीळ एकदम उलगडतो. जागेवरून सुसाट सुटायच्या शर्यतीला ‘ड्रॅग रेस’ म्हणतात. तिथल्या मोटारींनाही हीच खोड!

उपाय मात्र स्वस्त आहेत. हवा मोजूनच भरायची. जास्त हवेचा टायर चेंडूसारखा उडतो. पुष्कळ शेतकरी मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरतात. त्यानं वजन वाढतं, घसरणं कमी होतं. क्लच हळू सोडायचा. आणि चाकं उडू लागलीच, तर जोर वाढवायचा नाही, कमी करायचा. नाहीतर जोडणीची पिन तुटते, पुढची चाकंही उचलली जातात. अशा वेळी जवळ मुळीच उभं राहू नका.

आता खडू उलट्या बाजूला कलता करून ओढत न्या. आली ना सलग रेघ? आणि घरी ट्रॅक्टर असेल, तर बाबांना आज एवढं विचाराच : ‘टायरची हवा कधी मोजली होती हो?’