गेमिंग पीसी जुळवताना: आधी पडदा, मग कार्ड

एका सेकंदाला १२० फ्रेम हव्या असतील, तर एक फ्रेम तयार करायला संगणकाला जेमतेम ८.३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रोसेसरने शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कोसळली का याचा हिशेब करायचा. ग्राफिक्स कार्डाने त्या हिशेबावरून लाखो ठिपक्यांचे रंग ठरवायचे. आणि मॉनिटरने ते चित्र वेळेवर दाखवायचं. यातला जो भाग मागे पडतो, त्याच्याच चालीने सगळा संगणक चालतो. दोन-तीन लाख रुपये खर्चूनही ऐन चकमकीत गेम अडखळतो, तो बहुतेक वेळा याच कारणाने.

प्रत्येक भाग यादीतला सर्वांत महाग घेतला की झाला हाय-एंड पीसी, असा समज बाजारात पक्का बसला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन दुकानांत काय, बोलणं सुरू होतं ते ‘कार्ड कुठलं?’ इथून. मला वाटतं, हा प्रश्न थोडा नंतर यायला हवा. आधी ठरवायचं ते हे, की आपण कुठले गेम, कुठल्या पडद्यावर आणि कशा खोलीत खेळणार आहोत. ही तीन उत्तरं हातात असली की पैसा कुठे घालायचा आणि कुठे राखायचा, हे कळायला लागतं.

ठिपक्यांचा हिशेब

फुल एचडी, म्हणजे १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पी पडद्यावर ते ३६.९ लाख होतात आणि ४के पडद्यावर ८२.९ लाख. म्हणजे ४केसाठी ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेममागे फुल एचडीच्या चौपट ठिपके रंगवावे लागतात. प्रोसेसरचं काम मात्र पडद्याच्या आकाराने फारसं वाढत नाही. शत्रू कुठे उभा आहे हा हिशेब दोन्हीकडे तोच. म्हणून ४केवर सहसा कार्ड अडतं आणि १०८०पीवर प्रोसेसर. संगणक जुळवणाऱ्याला एवढं एक तत्त्व उमगलं, तरी निम्म्या चुका टळतात.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हे स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला सेकंदाला २४० किंवा त्याहून जास्त फ्रेम लागतात. त्याने १०८०पी किंवा १४४०पीचा वेगवान पडदा घ्यावा आणि प्रोसेसरवर हात सैल सोडावा. सायबरपंक २०७७ किंवा ब्लॅक मिथ: वूकाँगसारख्या गेममधलं जग डोळे भरून पाहायचं असेल, तर ४के पडदा आणि तगडं कार्ड हवं. दोन्ही प्रकार खेळणाऱ्यासाठी १४४०पीचा २७ इंची पडदा हा मला आजही सर्वांत शहाणा मधला मार्ग वाटतो. कार्डाच्या फ्रेमशी आपला वेग जुळवून घेणारं जी-सिंक किंवा फ्रीसिंक तंत्र पडद्यात असायलाच हवं. त्यामुळे फ्रेम कमी-जास्त झाल्या तरी चित्र फाटत नाही. आणि नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो खरोखर पूर्ण वेगाने चालतोय ना, हे पाहावं. १४४ हर्ट्झचा पडदा महिनोन्महिने ६० हर्ट्झवरच चालत राहिल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

दुप्पट किंमत, दीडपट काम

एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० आणि ५०८० ही कार्डं बाजारात आणली. तेव्हा भारतासाठी जाहीर झालेल्या किमती होत्या २,१४,००० आणि १,०७,००० रुपये. दुकानातली किंमत मालाच्या उपलब्धतेनुसार बदलते, पण हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगं आहे. ५०९० मध्ये कोअर जवळपास दुप्पट, मेमरीही दुप्पट. ५०८० मध्ये १६ जीबी, तर ५०९० मध्ये ३२ जीबी. पैसेही दुप्पट. प्रत्यक्षात ४केवर फ्रेम मिळतात साधारण दीडपट, आणि पडदा लहान होत गेला की तोही फरक आटतो. १४४०पीच्या पडद्याला ५०९० जोडणारा माणूस निम्म्या पैशांना काम न देता बसवून ठेवतो. कार्डांमधला हा १,०७,००० रुपयांचा फरक वाचवला, तर त्यात उत्तम मॉनिटर, चांगला एसएमपीएस आणि दमदार कूलर येऊ शकतात.

मग ५०९० कुणी घ्यावं? ज्याच्याकडे ४केचा वेगवान पडदा आहे आणि ज्याला पाथ ट्रेसिंग हवं आहे, त्याने. प्रकाशाचा प्रत्येक किरण आरशावर, पाण्यावर, भिंतीवर आपटून कुठे जाईल याचा हिशेब हे तंत्र करतं. सायबरपंक २०७७ मध्ये ते सुरू केलं, तर मूळ ४केवर हे कार्डसुद्धा सेकंदाला ३० फ्रेमच्या आसपास येऊन थबकतं. तिथून पुढे मदतीला येतात एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर. चित्र लहान आकारात काढून मोठं करायचं, ही त्यांची एक रीत. दुसरी रीत म्हणजे खऱ्या फ्रेमच्या अधेमधे कार्डाने स्वतः रचलेल्या फ्रेम घालायच्या. ५००० मालिका बाजारात आली, तेव्हा तिच्यात एका खऱ्या फ्रेममागे अशा तीनपर्यंत फ्रेम भरता येत होत्या.

जाहिरातीतले आकडे वाचताना हाच फरक डोळ्यांपुढे हवा. रचलेल्या फ्रेममुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण आपण माउस हलवल्यावर गेमने दिलेला प्रतिसाद त्यांत नसतो. खऱ्या ६० फ्रेम मिळत असतील, तर त्यांवर चढवलेल्या २०० छान वाटतात. खऱ्या २५ असतील, तर आकडा कितीही फुगला तरी हाताला जडपणा जाणवतो. म्हणून तुलना करताना मूळ फ्रेम पाहाव्यात आणि सरासरीशेजारी ‘वन पर्सेंट लो’ हा आकडाही पाहावा. सर्वांत संथ क्षणी गेम किती खाली घसरतो, ते त्यातून कळतं.

आज नवं कार्ड घेताना १६ जीबी मेमरी ही माझ्या मते किमान पायरी आहे. कार्डाची मेमरी भरली की चित्रांचा माल मदरबोर्डावरच्या रॅममधून ओढावा लागतो आणि गेम अडखळू लागतो. आरटीएक्स ५०७० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी या दोन्हींत १६ जीबी आहे, आणि १४४०पीसाठी ती भरपूर आहेत.

आठ कोअर, पण मोठी कॅशे

प्रोसेसरच्या बाबतीत कोअरच्या संख्येला भुलू नये. व्हिडिओ संपादन किंवा थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्याला १६ कोअर उपयोगी पडतात. बहुतेक गेमना आठ पुरतात. गेमला खरी गरज असते ती विदा पटकन हाताशी मिळण्याची. कॅशे म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. हवी ती वस्तू त्यात नसली की वाण्याकडे, म्हणजे रॅमकडे, धाव घ्यावी लागते आणि तेवढा वेळ फोडणी खोळंबते.

एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरवर कॅशेचा एक जादा थर चढवला आणि गेमिंगचं गणित बदललं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे. त्याच पिढीच्या साध्या ९७००एक्समध्ये ती ३२ एमबी आहे. आधीच्या पिढ्यांत हा थर कोअरच्या वर बसायचा आणि उष्णतेची वाट अडवायचा. ९८००एक्स३डीमध्ये तो कोअरखाली गेला, त्यामुळे कोअर थेट कूलरच्या बाजूला आले आणि जास्त वेगाने चालू लागले. निव्वळ गेमिंगसाठी आठ कोअरचा एक्स३डी प्रोसेसर ही आजची सर्वांत सरळ निवड आहे.

जुना माल घेणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. कंपनीने दुरुस्तीचे अपडेट दिले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर वापरलेला मिळत असेल, तर मूळ बिल आणि बायोसची आवृत्ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मदरबोर्ड, रॅम, एसएसडी

महागडा मदरबोर्ड फ्रेम वाढवत नाही. प्रोसेसरला पुरेशी स्थिर वीज देणारा, दोन-तीन एम.२ स्लॉट असलेला मधल्या किमतीचा बोर्ड पुष्कळ झाला. पाहायचं ते सॉकेट. एएमडीचा एएम४ सॉकेट इतका टिकला की २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी बसला. २०२२ मध्ये आलेल्या एएम५लाही २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. तीन वर्षांनी प्रोसेसर तेवढा बदलता येणं, ही मोठी बचत आहे.

रॅम ३२ जीबी, आणि ती १६-१६च्या दोन पट्ट्यांत. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५चा वेग बहुधा उतरवावा लागतो. डीडीआर५-६००० सीएल३० रॅमचा प्रतिसादकाळ १० नॅनोसेकंद पडतो. डीडीआर५-४८०० सीएल४०चा साडेसोळाच्या पुढे जातो. पण ६०००ची पट्टी नुसती बसवून हा वेग मिळत नाही, बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी ही वेगाची सेटिंग चालू करावी लागते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, कारण मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ग्राहकांसाठीचा क्रूशियल हा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात ६४ जीबीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

एसएसडीचा वेग ठळक अक्षरांत छापलेला असतो: जेन ४ला सेकंदाला सुमारे ७,००० एमबी, जेन ५ला १४,००० पर्यंत. गेम उघडताना मात्र या दोहोंतला फरक क्वचितच जाणवतो. जेन ४ घ्यावी आणि उरलेले पैसे क्षमतेवर घालावेत. ब्लॅक मिथ: वूकाँगला १३० जीबी आणि बॉल्डर्स गेट ३ला १५० जीबी जागा लागते, तेव्हा २ टीबीची एसएसडी ही चैन म्हणता येणार नाही.

वीज आणि ऊन

आता ज्या भागांवर सर्वांत आधी काटकसर होते, त्यांच्याकडे येतो. एकटं ५०९० कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेतं. १२ व्होल्टच्या ज्या छोट्या प्लगमधून ती जाते, त्यातून ६०० वॉटला ५० अँपिअर प्रवाह वाहतो आणि तो सहा पिनांत वाटला जातो. प्लग अर्धवट बसला की संपर्काची जागा तापते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० कार्डांचे प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या, त्या याच जोडणीच्या. पुढे ‘१२व्ही-२एक्स६’ हा सुधारित प्लग आला. तो नीट बसला नसेल तर कार्डाला वीज मिळू नये, अशी त्याची रचना आहे. तरी प्लग शेवटपर्यंत दाबून बसवावा, त्याच्यालगत केबलला वळण देऊ नये आणि एसएमपीएस एटीएक्स ३.१ मानकाचा घ्यावा. ५०९०साठी १,००० वॉट, ५०८०साठी ८५० वॉट. डब्यावरचा ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का विजेची कार्यक्षमता सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षं पाहावीत. चांगल्या एसएमपीएसला दहा वर्षांची मिळते.

यूपीएसवरचा व्हीएचा आकडा म्हणजे वॉट नव्हेत. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो, आणि ५०९० बसवलेला संगणक खेळताना भिंतीतून ८०० वॉटच्या आसपास ओढतो. शिवाय चौकोनी लहरीचा यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल, तर काही आधुनिक एसएमपीएस वीज जाताच बंद पडतात. इथे शुद्ध साइन वेव्हचाच हवा. आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय एवढा किमती ऐवज सॉकेटला लावू नये.

आत गेलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उरते. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर काढतो. त्यातला पाचवा हिस्सा असा संगणक एकटा खातो. रोज तीन तास खेळ झाला, तर महिन्याला ७० युनिटांच्या वर वीज लागते, एसी वेगळा. कूलर हवेचा असो की पाण्याचा, खोलीच्या तापमानाखाली तो जाऊ शकत नाही. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि खोली ३६-३८वर असते. परदेशातल्या चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. त्यांत ७० अंश दाखवणारा प्रोसेसर आपल्याकडे ८५ दाखवणार, हे गृहीत धरूनच कूलर निवडावा. कॅबिनेट समोरून जाळीचं, धूळ अडवणाऱ्या निघत्या फिल्टरचं आणि कार्डाच्या लांबीला पुरेसं असावं. समोर काच लावलेलं कॅबिनेट फोटोत देखणं दिसतं, पण हवा कोंडतं.

अडतं कुठे, ते आधी पाहा

पैसे वाटताना भागांचं आयुष्यही मोजावं. ग्राफिक्स कार्ड सर्वांत लवकर जुनं होतं. मॉनिटर, एसएमपीएस आणि कॅबिनेट दोन-दोन कार्डांना पुरून उरतात. म्हणून या तिघांवर कात्री चालवून कार्ड एक पायरी वरचं घेणं, हा मला सर्वांत तोट्याचा व्यवहार वाटतो. प्रत्येक भागाचं जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर तेच मागतं.

संगणक उभा राहिला की एक सोपी चाचणी करावी. आवडीचा गेम लावून रिझोल्यूशन एक-दोन पायऱ्या खाली आणावं. फ्रेम भराभर वाढल्या, तर कार्ड अडत होतं. फ्रेम जागच्या जागी राहिल्या, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. खेळ सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी फ्रेम घसरू लागल्या, तर तापमान पाहावं. पुढचा रुपया कुठल्या भागावर खर्च करायचा, हे या चाचणीतून कळेल. आणि फ्रेम मॉनिटरच्या वेगाला पोचल्या असतील, तापमानही आटोक्यात असेल, तर पुढच्या पिढीचं कार्ड कितीही गाजत असलं तरी ते घेण्याची गरज नाही.