विश्लेषण : माग थांबला तरी सुई का चालते? गोधडी, घर आणि जवळची सहल कठीण काळात आधार कशी देतात?

भिवंडीलगतच्या शेलारमध्ये कापडाची टंचाई कधीच नसते. टंचाई असते ती कामाच्या खात्रीची. मंदी आली, सुताचे भाव चढले किंवा वीज गेली की माग थांबतो आणि मागाबरोबर मजुरीही थांबते. अशा दिवसांत घरातली माणसे तग कशी धरतात? गोधडी शिवणे, घरच्यांबरोबर बसणे, एखाद्या दिवसासाठी जवळच कुठे जाऊन येणे या गोष्टींनी खरेच काही फरक पडतो का? की हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत? त्याचा हा आढावा.

शेलारमध्ये कठीण काळ म्हणजे नेमके काय?

भिवंडी शहरातून नदीनाका ओलांडून वाड्याच्या दिशेने निघाले की कामवारी नदीच्या पलीकडे शेलार लागते. शहर आणि गाव यांच्यातली सीमा आता डोळ्यांना दिसत नाही. मूळचे आगरी ग्रामस्थ, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कामगार, तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबे असा या साऱ्या पट्ट्याचा संसार यंत्रमाग, सायझिंग आणि डाइंगच्या कारखान्यांभोवती उभा आहे.

मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर कापडाचे बरेच काम भिवंडीच्या मागांकडे वळले. काम आले, पण गिरणीतल्या कायम नोकरीची हमी त्याबरोबर आली नाही. मागावर मजुरी बहुधा विणलेल्या मीटरवर ठरते, पाळी बारा तासांची असते. माग बंद म्हणजे मीटर शून्य आणि पगारही शून्य. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीत मजुरीचा रोख व्यवहारच अडला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत खडखडाट पूर्ण थांबला आणि मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी निघाली. म्हणजे इथला कठीण काळ एकदा येऊन गेलेला नाही. तो अधूनमधून परत येतो आणि तो कधी संपेल हे कामगाराच्या हातात नसते.

गोधडी म्हणजे काय आणि एकाच चाळीत तिची इतकी नावे का?

वापरून मऊ झालेल्या कापडांचे थर एकावर एक पसरायचे आणि जाड सुईने धावदोरा घालत ते एकजीव करायचे, ही गोधडीची साधी व्याख्या. वरच्या थराला ठिगळांची रंगसंगती, आत जुनी लुगडी किंवा धोतरे, खाली एखादी धड साडी. टाके बहुतेक वेळा काठाकडून मध्याकडे घालत नेतात. महाराष्ट्रात तिला कुठे गोधडी, कुठे वाकळ म्हणतात. नव्या बाळासाठी आजीच्या मऊ लुगड्याचे छोटे दुपटे शिवतात. पावसाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांत अंगणात किंवा ओट्यावर हे काम चालते, कारण एवढे कापड पसरायला जागा लागते आणि ऊनही.

भिवंडीच्या कामगार वस्तीत हीच वस्तू वेगवेगळ्या नावांनी राहते. अवध आणि पूर्वांचलमधून आलेल्या घरात ती कथरी किंवा गुदडी असते, बिहारच्या घरात सुजनी आणि तेलुगू घरात बोंता. सीमेपलीकडच्या कर्नाटकात तिला कौदी म्हणतात. भाषा बदलली तरी हिशेब तोच : वापरून संपलेले कापड फेकायचे नाही. मुंबईच्या गोधडीकार गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर सचित्र पुस्तक केल्यावर या घरगुती कामाकडे कला म्हणून पाहणारेही वाढले. शिवणाऱ्या बाईसाठी मात्र ते आधी पांघरूण असते.

शिवताना मनाला नेमके काय मिळते?

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे एमिली बर्ट आणि जॅकलिन अ‍ॅटकिन्सन यांनी गोधड्या शिवणाऱ्या एका स्थानिक गटातील २९ जणांशी सविस्तर बोलून अभ्यास केला. तो २०१२ मध्ये ‘जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकाच्या अंकात छापला गेला. रंगांमुळे मन उल्हसित होते, हात कामात गुंतले की वेळेचे भान राहत नाही, पूर्ण झालेली वस्तू समोर दिसते आणि तिचे कौतुक झाले की आत्मविश्वास वाढतो, असे त्या लोकांनी सांगितले. गटातल्या मैत्रीचे मोल तर जवळपास शिवणाइतकेच निघाले.

अमेरिकेतील डॅलस येथे डेनिस पार्क यांच्या गटाने २०१४ मध्ये साठी ते नव्वदी या वयातील २२१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना तीन महिने, आठवड्याला सरासरी १५ तासांहून अधिक, गोधडी किंवा डिजिटल छायाचित्रण शिकवले. काहींनी नुसत्या गप्पा आणि मनोरंजनात तेवढाच वेळ घालवला. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली. हा फायदा छायाचित्रण शिकणाऱ्यांत जास्त स्पष्ट होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

शेलारच्या संदर्भात यातला एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. माग कधी सुरू होणार, हे कामगार ठरवू शकत नाही. आज गोधडीच्या किती ओळी घालायच्या, हे मात्र शिवणारी स्वतः ठरवते. सगळेच हाताबाहेर गेल्यासारखे वाटते तेव्हा एक काम तरी आपल्या मनाप्रमाणे पुढे सरकते आहे, हा दिलासा छोटा नसतो.

कुटुंबाचा यात वाटा काय?

गोधडीत कोणाचे कापड आहे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असते. हा तुकडा आईच्या साडीचा, तो बाबांच्या सदऱ्याचा. माणूस गेल्यावरही त्याचे कपडे पांघरुणात राहतात. याची जगभर माहीत असलेली एक गोष्ट अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या खेड्यातली आहे. तिथल्या मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये पती गेल्यानंतर त्यांचे शेतात कामाला घालायचे विटके कपडे कापून गोधडी शिवली. पतीची आठवण राहावी आणि मायेची ऊब मिळावी, हा त्यामागचा हेतू असल्याचे त्यांच्या मुलीने पुढे सांगितले. कपडे फाडण्यात मुलीचा हात होता. दुःखाच्या त्या दिवसांत दोघींना मिळून करायला काही काम होते, ही त्यातली खरी गोष्ट.

नात्यांबद्दलचा सर्वांत दीर्घ पुरावा हार्वर्डच्या अभ्यासाचा आहे. १९३८ मध्ये सुरू झालेला हा अभ्यास हार्वर्डचे विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील मुले अशा दोन्ही गटांच्या आयुष्याचा मागोवा घेत आला. पन्नाशीत जे आपल्या नात्यांबाबत समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले, असे अभ्यासाचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात. पैसा असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही घरांतून आलेला हा निष्कर्ष आहे.

हात तंगीत असताना सहल परवडते का?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण पाय अजिबात पसरूच नयेत, असे म्हण सांगत नाही. नेदरलँड्समधील येरून नाविन यांच्या २०१० च्या अभ्यासात १,५३० प्रौढांची पाहणी झाली. सहलीला जाणारे लोक इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले, पण ते सहलीच्या आधी. परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नाही. सहल फारच निवांत झालेल्यांच्या बाबतीत तो काही काळ टिकला. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे : आनंदाचा मोठा भाग वाट पाहण्यात असतो. म्हणून खर्चिक अशा एका मोठ्या सहलीपेक्षा तारीख ठरलेल्या दोन-तीन छोट्या फेऱ्या बऱ्या.

शेलारकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही ठिकाणे भिवंडी तालुक्यातच, साधारण २०-२५ किलोमीटरवर आहेत. तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे मंदिर बांधले. इतिहासाची आवड असेल तर याच तालुक्यात लोनाडची लेणी आहेत, आणि दम असेल तर शहापूर तालुक्यात माहुलीचा किल्ला.

खर्चाच्या बाजूने एसटीची मदत होते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत, तर ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहे. घरची भाकरी-भाजी बांधून घेतली की सासू, सून आणि नातवंडे यांचा दिवस माफक पैशांत होतो. भिवंडी-वाडा रस्त्यावरचे खड्डे मात्र सर्वांना सारखेच, त्यात सवलत नाही.

पण फुरसत नेमकी कोणाकडे असते?

इथे खरी अडचण आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. हे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. म्हणजे पावणेपाच तासांहून अधिक विरुद्ध दीड तास. माग बंद पडून पुरुष घरी बसले की बाईचे काम कमी होत नाही, उलट चहा आणि जेवणाच्या फेऱ्या वाढतात. सहलीचेही तसेच. डबे बांधणारी, मुलांचे कपडे घेणारी आणि परतल्यावर भांडी घासणारी एकच असेल तर ती सहल इतरांची झाली.

त्यामुळे ‘मन रमवा’ हा सल्ला एकट्या बाईला देऊन भागत नाही. पाणी भरणे, भांडी, मुलांचा अभ्यास यांपैकी एखादे काम घरातल्या दुसऱ्या कोणी कायमचे उचलले, तरच दुपारची ती एक तासभराची सुई हातात येते. कठीण काळात घरात पैसा वाटून घेता आला नाही तरी काम वाटून घेता येते.

गोधडी विकून घर चालेल का?

काही प्रमाणात. महिला बचत गटांच्या वस्तूंना ‘उमेद’ अभियानाच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत जागा मिळते आणि शहरांत हाताने शिवलेल्या गोधडीला मागणी आहे. पण हाताच्या टाक्याला दिवसच्या दिवस जातात. दर ठरवताना कापड आणि दोरा मोजला जातो, तास मोजायचे राहून जातात.

जीज बेंडच्या परिसरातला अनुभव इथे उपयोगी आहे. १९६६ मध्ये तिथे ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिला मोठ्या दुकानांच्या मागण्या मिळाल्या, हातात पैसे आले. दुकानांना मात्र एकसारखा, ठरलेला नमुना हवा असे. मनासारखी रंगसंगती बायका घरासाठीच्या गोधडीत करत राहिल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनाने नाव मिळवले ते याच घरगुती गोधड्यांनी. मागणीनुसार शिवणे हे काम आहे, त्याला पुरेसा मोबदला हवा. घरासाठी शिवणे हा विसावा आहे. दोन्हींची गल्लत झाली की गोधडीचाही माग होतो.

सुरुवात कशी करावी?

पहिल्यांदा मोठ्या पांघरुणाच्या फंदात पडू नये. साधारण एक मीटर लांब-रुंद दुपटे पुरेसे आहे. कापड सुती आणि धुऊन मऊ झालेले घ्यावे. कारखान्याची चिंधी किलोवर स्वस्त मिळते, पण भिवंडीत पॉलिस्टर आणि मिश्र कापडही भरपूर विणले जाते. ते सुईखाली सरकते आणि अंगाला गरम होते, म्हणून आधी पारखून घ्यावे. नवे कापड वापरायचेच असेल तर आधी धुवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि गोधडी वेडीवाकडी होते. गडद रंग सुटतो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे. थर पसरल्यावर आधी लांब कच्चे टाके घालून ते जागेवर बसवावेत, मग धावदोरा. शेजारणीला सोबत घेतले तर दोन टोकांकडून काम पुढे सरकते आणि बोलणेही होते.

या सगळ्याने काय होत नाही?

थकलेली मजुरी मिळत नाही, घरभाडे चुकत नाही आणि बंद माग सुरू होत नाही. वर उल्लेखलेले अभ्यासही परदेशातले आहेत. ग्लासगोचा तर एकाच छोट्या गटाचा आहे. त्यांतून दिशा कळते, हमी मिळत नाही. गोधडी हा उपचारही नाही. झोप उडणे, खाण्यावरची वासना जाणे, जगण्यात अर्थ न वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. घरातला कोणी कर्ता माणूस काम सुटल्यापासून गप्प गप्प झाला असेल, तर त्याच्याशी आधी घरच्यांनी बोलावे आणि गरज वाटल्यास हा क्रमांक त्याच्यासोबत बसून लावावा.