गुरगुरणे थांबले तेव्हा

दिग्गी हे नाव आमच्या फारच थोड्या वाचकांच्या कानांवरून गेले असेल. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेकडे झुकलेल्या सह्याद्रीच्या दाट रानात ही विरळ वस्ती आहे. काळी नदीचा उगम याच परिसरातला. १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळणारी, सुप्याच्या धरणात एक अख्खे जुने गाव पोटात घेऊन बसलेली ही नदी येथे केवळ ओहोळ असते. वस्ती मुख्यतः कुणब्यांची. घरात कोंकणी, पण मराठी कोणाला परकी नाही. म्हणूनच आम्हां धारवाडकरांचा तेथे लोभ जडला.

जोयड्याला हिवाळ्यात कंदमुळांचा मेळा भरतो. तेथे मुडलीचे कंद घेता घेता एका दिग्गीकर शेतकऱ्याची ओळख झाली आणि नवरात्रात आम्ही उभयतां त्यांच्या घरी दोन दिवस राहून आलो. येताना सोबत एक कुत्री आली.

तिची कथा अशी. पावसाळ्यात एका रात्री बिबट्याने अंगणातून तिच्या आईला उचलले आणि चार दिवसांनी भावाला. जोयडा तालुक्याचा बराच मुलूख काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. बिबट्याने कुत्रे नेणे ही तिकडे नवलाची गोष्ट नव्हे. उरलेली ही आठ-नऊ महिन्यांची पोर सरपणाच्या ढिगाखाली शिरली ती भाकरीपुरती बाहेर येई. यजमान म्हणाले, येथे ही फार दिवस टिकायची नाही. सौ.चे मन द्रवले. रंगाने तांबूस असूनही नदीवरून तिचे नाव आम्ही ‘काळी’ ठेवले, आणि गळ्यात दोरी बांधून तिला मोटारीत कोंबले. हळियाळपर्यंत ती तीनदा ओकली. ‘कोंबले’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत.

पहिल्या आठवड्यात घरी जत्रा लोटली. जो येई तो ‘काय गोड आहे हो’ म्हणत तिच्या डोक्यावरून हात फिरवी. काळी मान वळवी, ओठ चाटी, जांभई देई. आम्हांला वाटे, लाजते आहे, झोप आली असेल. चौथ्या दिवशी ती आमच्यावर गुरगुरली. लहानपणी वाड्यात पाहिलेली रीत आठवून आम्ही वर्तमानपत्राची सुरळी तिच्या नाकावर मारली. अन्नदात्यावर गुरगुरते म्हणजे काय! असे चार-पाच वेळा झाल्यावर गुरगुरणे बंद पडले. आपण शिस्त लावली, असे आम्ही शेजाऱ्यांना अभिमानाने सांगितलेही.

तिसऱ्या आठवड्यात सौ. तिची रिकामी थाळी उचलायला वाकल्या आणि काळीने त्यांच्या मनगटावर झडप घातली. आवाज नाही, इशारा नाही. दोन दात खोल रुतले. दिवाळीत बाहेर फटाक्यांची माळ कडाडली, ती पलंगाखाली गेली, आणि तिला मानेला धरून ओढू पाहणाऱ्या आमच्या अंगठ्याचीही तीच गत झाली.

येथे थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे. सौ.नी जखमेत प्रथम हळद चेपली. हे चूक. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरी पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काळीला रानात लस कोणी टोचली असणार! तेव्हा सौ.ना दंडावरची पाच इंजेक्शने, पहिल्या टोचणीपासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि रक्त आल्यामुळे जखमेत निराळे औषध, असा सर्व सोपस्कार झाला. लस आधीच झालेली असल्यामुळे दिवाळीतल्या आमच्या अंगठ्याचीही दवाखान्यात तशीच विचारपूस झाली, असे नव्हे, लस सौ.ना झाली होती, आम्हांला नव्हे, म्हणून आम्हीही तीच वाट चाललो. आमच्या पिढीला पोटातली चौदा इंजेक्शने आठवतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती आणि २००५ पासून ती आपल्या देशात वापरात नाही. पाश्चरने १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला वाचविले तेव्हापासून या रोगावर प्रतिबंध आहे, पण लक्षणे दिसू लागल्यावर इलाज जवळपास नाहीच. म्हणून आळस नको. चावलेल्या जनावरावर दहा दिवस नजर ठेवतात. काळी दोन्ही खेपांना धडधाकट राहिली आणि मग तिलाही लस मिळाली.

देहाचा प्रश्न सुटला, मनाचा सुटेना. नाताळच्या सुट्टीत लेक येणार, बरोबर चार वर्षांचा नातू. आप्तेष्टांचे एकमत झाले की अशी कृतघ्न कुत्री घरात ठेवणे हा वेडेपणा आहे. एकाने गावाबाहेरच्या माळावर सोडून येण्याची तयारी दाखविली. दिग्गीला परत धाडावी तर तिथे बिबट्या. सौ.चे मनगट बांधलेले असतानाही त्या म्हणाल्या, ‘तिला आणले आपण, ती आली नव्हती.’ यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

शेवटी एका पशुवैद्य बाईंना गाठले. त्यांनी आधी काळीकडे पाहिलेच नाही. आमच्याशी बोलत बसल्या. मग हळूच कान तपासले. आत खोलवर गोचिडी चिकटलेल्या, त्वचा सुजलेली. डोक्यावरून फिरणारा प्रत्येक प्रेमळ हात तिला दुखत होता! गोचिडी निघाल्या, औषध सुरू झाले. वर्तमानपत्राच्या सुरळीची हकीकत ऐकून मात्र बाई गंभीर झाल्या. त्या म्हणाल्या, ‘ओठ चाटणे, जांभई, मान फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होणे ही तिची विनवणी होती. गुरगुरणे हा शेवटचा इशारा. तो तुम्ही मारून काढून टाकलात. भीती तशीच राहिली. चावण्यावाचून तिच्याजवळ काय उरले?’

आम्ही शिक्षकी पेशात आयुष्य घालविले. वर्गातला सर्वांत गप्प मुलगा सुधारला असे समजून आम्ही किती वेळा पुढे गेलो असू, हा विचार त्या रात्री छळत राहिला.

पुढे थोडे वाचनही केले. अमेरिकेत बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षे पिलांचे निरीक्षण करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून तीनेक महिन्यांचे होईतो ज्या माणसांची, आवाजांची, वस्तूंची ओळख होते ती त्याला आपली वाटतात. त्यानंतर भेटणारे जग परके, ही ओळख फार कष्टाने करून द्यावी लागते. काळीने त्या वयात कुकरची शिट्टी ऐकली नव्हती, गुळगुळीत फरशी पाहिली नव्हती. तिच्या जगात रात्री जवळ येणारी वस्तू एकच होती.

आपल्याकडे श्वानाला मान मोठा. दत्ताच्या पायांशी तो आहे, खंडोबाजवळ आहे, धर्मराजाने त्याच्यावाचून स्वर्ग नाकारला. नामदेवांची गोष्ट तर प्रत्येक मराठी घरात सांगतात: कुत्र्याने पोळी पळविली आणि कोरडी लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. भक्तीच्या दृष्टीने कथा थोर आहेच. परंतु हल्ली आमच्या मनात येते, त्या बिचाऱ्या कुत्र्याला काय वाटले असेल? आम्हीही तुपाची वाटी घेऊनच काळीच्या मागे धावत होतो.

बाईंनी सांगितलेले उपाय ऐकायला सोपे होते, अमलात आणणे अवघड. पलंगाखालची जागा तिची. तेथे हात घालायचा नाही. खाताना वा झोपेत असता जवळ जायचे नाही. थाळी उचलायची ती ती अंगणात गेल्यावर. तिच्यासमोर उभे न राहता कुशीवर वळून खाली बसायचे, नजर दुसरीकडे, आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्या पलीकडे टाकायचा, म्हणजे तो घ्यायला तिला आमच्यापासून दूरच जावे लागे. जवळ यायचे की नाही, हे तिने ठरवायचे. गुरगुरली तर रागवायचे नाही. थांबायचे, मागे सरायचे. आमच्या वयाला जमिनीवर बसणे सोपे नाही, पण पाटावर बसून वर्तमानपत्र वाचण्याचा परिपाठ पडला. (तेच वर्तमानपत्र, आता त्याची सुरळी होत नाही.) जाळीचे मुसके आणले, आधी त्यातून नुसता खाऊ दिला, आणि आठवडाभराने ती आपणहून त्यात तोंड घालू लागली.

नातू आला. काळी आणि तो यांच्यामध्ये पंधराही दिवस माजघराचे लाकडी फाटक राहिले. दोघांना क्षणभरही एकटे सोडले नाही. मुलाला ‘कुत्र्याचे लाड कर’ असे कोणी म्हटले नाही. त्याची थोडी निराशा झाली, लेकही जरा धुसफुसली, पण कोणाला ओरखडा उठला नाही. आम्हांला तेवढे पुरे होते.

संक्रांतीच्या सुमारास दिग्गीचे यजमान काही कामानिमित्त धारवाडला आले, पिशवीत मुडली घेऊन. पायरीवर बसले, चहा घेतला, काळीकडे ढुंकूनही पाहिले नाही. बऱ्याच वेळाने जमिनीकडे पाहत हलकेच म्हणाले, ‘यो.’ काळी पलंगाखालून निघाली, थबकत थबकत आली आणि त्यांच्या गुडघ्याला नाक लावून उभी राहिली. तीन महिने आम्ही तिला शुद्ध पुणेरी ‘ये’ने बोलावीत होतो! त्यांना विचारले, तर म्हणाले की रानातल्या कुत्र्याला आम्ही सहसा हात लावीत नाही; भाकरी ठेवतो, तो राखण करतो. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन कोंकणी शब्द आले: ‘यो’ आणि ‘राव’.

ती आता गुरगुरते. सौ. झाडू घेऊन पलंगाजवळ गेल्या की खालून घुर्रऽ येते. त्या म्हणतात, ‘बरं बाई, नंतर झाडते,’ आणि फिरतात. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटते. डिसेंबरनंतर तिने कोणाला दात लावलेला नाही. पुढचे कोणी सांगावे! पुढच्या दिवाळीचे चार दिवस फटाक्यांपासून दूर, दिग्गीकडेच काढावेत असा विचार आहे, रात्री दार लावून.

गेल्या वैशाखात वळवाचा पहिला पाऊस आला. वीज गेली, ढग गडगडू लागले. काळोखात पलंगाखाली नखांचा आवाज झाला आणि थोड्या वेळाने आमच्या लोंबत्या हाताशी ऊन श्वास लागला. मग पलंगाच्या कडेवर तिने हनुवटी टेकली. आम्ही हात हलविला नाही. पाऊस थांबेपर्यंत ती तशीच होती.